मराठी हॉस्पिस: इमारतीच्या आधी

"आपल्या ज्येष्ठांसाठी आपलं मराठी हॉस्पिस का असू नये?" अमेरिकेतल्या आपल्या मंडळांत हा प्रश्न निघाला की बोलणं लगेच जागा, देणगीदार आणि नकाशांवर जातं. मी पडलो कन्सल्टंट, आधी हिशेब मांडतो.

इथलं हॉस्पिस बहुतेक वेळा इमारतीत नसतं, घरी येतं. साधारण सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की मेडिकेअर खर्च उचलतं. नर्स येते, औषधं, पलंग, ऑक्सिजन घरपोच येतो. (आईवडील ग्रीन कार्डावर असतील तर आधी तपासा. सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकतही घेता येत नाही.) चोवीस तास उशाशी बसणारं माणूस मात्र त्यात सहसा मिळत नाही. इमारत बांधलीत तरी तिथे कायम राहण्याजेवणाचे पैसे मेडिकेअर देत नाही. देणगी एकदा गोळा होते, रात्रपाळीचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. मंडळाला ते झेपेल असं मला वाटत नाही. कनेक्टिकटच्या हॉस्पिसनेही १९७४ मध्ये घरपोच सेवेपासूनच सुरुवात केली, इमारत १९८० मध्ये आली.

आता कामाचा मुद्दा. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिसला, पगारी लोकांच्या रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावं लागतं. त्यांना माणसं हवीच असतात, प्रशिक्षणही तेच देतात. मराठी मात्र त्यांच्याकडे नसते. शेवटी शेवटी कित्येक आजी-आजोबांचं इंग्रजी गळून पडतं. 'ठणकतंय', 'आग होतेय', 'जीव घाबरा होतोय' यांवरची औषधं वेगळी असू शकतात. नर्सने वेदनेचा एक ते दहा आकडा विचारला, की आजी म्हणणार, "बरंय गं."

औषधोपचाराचं बोलणं प्रशिक्षित दुभाष्यानेच करावं. तो फुकट मागायचा हक्क तुम्हाला आहे, मागा. स्वयंसेवकाने नुसतं बसावं, गप्पा माराव्यात, मऊ भात भरवता येईल का ते नर्सला विचारावं. तेवढ्यात घरची लेक किंवा सून दोन तास झोपते.

तेव्हा जवळच्या हॉस्पिसच्या व्हॉलंटियर कोऑर्डिनेटरला फोन करा आणि मराठी बोलणारं कोणी आहे का, एवढंच विचारा. आठवड्याला दोन तास देणारे दहाजण सुरुवातीला पुरेत. आणि हो, ऑक्सिजन लावलेल्या खोलीत समई, उदबत्ती अजिबात नको. बॅटरीचा दिवा न्या.