पाणी मुरतंय कुठे?

एखाद्या गोष्टीचा संशय आला, की आपण म्हणतो, ‘कुठंतरी पाणी मुरतंय.’ आज अशाच मुरणाऱ्या पाण्याची गोष्ट सांगणार आहे.

मी राहतो चऱ्होलीला, इंद्रायणीच्या काठी. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला भोसरी. आमच्या सोसायटीत पहाटे पाचलाच पहिल्या पाळीची लगबग सुरू होते. माझा शेजारी चाकणला कामाला जातो. कर्ज काढून त्यानं विजेवरची मोटार घेतली. डिसेंबरात एका रविवारी तो आला आणि म्हणाला, “काका, तुमचा जन्म मशिनांत गेलाय. जरा बघता का? गाडीतलं कूलंट कमी होतंय. गॅरेजवाल्यांनी दोनदा भरून दिलं. म्हणतात, इतकं चालायचंच. मे महिन्यात पोरांना घेऊन कोकणात जायचंय. घाटात काही झालं तर?”

आता तुम्ही विचाराल, विजेच्या गाडीत इंजिनच नाही, मग कूलंट कशाला? बॅटरी, मोटर आणि विजेचं नियंत्रण करणारी यंत्रणा, सगळीच तापतात. बऱ्याच मोटारींत त्यांच्याभोवती ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरवतात. बॅटरीलाही आपल्यासारखीच फार थंडी सोसत नाही आणि फार उकाडाही सोसत नाही.

पेट्रोलच्या गाडीत कूलंट कमी झालं, तर ते कधी कधी इंजिनात शिरून जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातं. इथं जळायला जागाच नाही. बंद नळ्यांतलं पाणी कमी झालं, म्हणजे ते कुठंतरी गेलंच. तेव्हा ‘चालायचंच’ हे उत्तर मला पटेना.

मी त्याला म्हटलं, “पातळी खालच्या खुणेच्या वर आहे तोवर भरू नकोस, मोजत राहा.” कूलंट तापलं की फुगतं, त्यामुळे गरम गाडीत मोजलेली पातळी फसवी असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी, जागा तीच, सपाट, वेळ सकाळची. बाटलीवर चिकटपट्टीची खूण आणि वहीत तारीख.

नवीन कूलंट भरल्यावर नळ्यांत हवा अडकलेली असते. ती निघाली की पातळी एकदा उतरते आणि मग स्थिर होते. ही पातळी मात्र स्थिर होईना. बरं, फरशीवर एक थेंब नाही. पण गाडीच्या पोटाखाली मोठं झाकण असतं. गळलेलं त्यातच साचतं आणि तिथंच वाळतं. म्हणून कोरडी फरशी हा पुरावा नव्हे.

सहा आठवड्यांच्या वहीनं एक गोष्ट दाखवली. ज्या आठवड्यात थंडी कडक, त्या आठवड्यात घट जास्त. गॅरेजमध्ये गाडी जायची दुपारी, वीस किलोमीटर धावून, तापलेली. मग आम्ही ती आदल्या संध्याकाळीच तिथं नेऊन ठेवली. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीच्या तोंडाला हातपंप लावून कंपनीनं सांगितलेला दाब दिला. काटा हळूहळू खाली येऊ लागला. खालचं झाकण काढलं, तर पंपाजवळच्या रबरी नळीच्या क्लिपपाशी वाळलेला रंगीत थर आणि एक ताजा थेंब! थंडीत रबर आकसायचं, पाणी झिरपायचं. गाडी तापली की सांधा पुन्हा घट्ट. नळी आणि क्लिप बदलली. पुढं पातळी जागची हलली नाही.

इतका खटाटोप कशाला? कारण गळती नेहमी बाहेरच होते असं नाही. 2011 मध्ये अमेरिकेत शेवरोले व्होल्ट या गाडीची धडक-चाचणी झाली. तिला बॅटरीबरोबर पेट्रोलचं इंजिनही होतं. चाचणीत बॅटरीला इजा होऊन कूलंट गळलं आणि सुमारे तीन आठवड्यांनी, उभ्या गाडीनं पेट घेतला. 2012 मध्ये कंपनीनं जे बदल जाहीर केले, त्यांत बॅटरीभोवतीच्या मजबुतीबरोबर कूलंटची पातळी सांगणारा सेन्सरही होता. रस्त्यावरच्या साध्या गळतीनं असं होईलच असं नाही. पण बाहेरचे सगळे सांधे कोरडे निघाले, तर पाणी बॅटरीच्या पेटीत जात नाही ना, हे कंपनीच्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायलाच हवं. विद्युतरोधनाचा इशारा पडद्यावर आला, तर गाडी चालवू नका आणि नारिंगी तारांना हात लावू नका.

आणखी दोन गोष्टी. पातळी खालच्या खुणेखाली गेली, तर कंपनीनं सांगितलेलंच कूलंट घाला. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नळ्यांत बसतात. आणि उरलेलं कूलंट सरबताच्या बाटलीत ठेवू नका. ते चवीला गोड, पण विषारी असतं. घरात पोरं असतात, दारात कुत्री असतात.

शेजाऱ्याचं कोकण ठरल्याप्रमाणे झालं. येताना माझ्यासाठी आमसुलं आणली. वही अजून गाडीतच आहे. कमी झालेलं भरून काढणं सोपं असतं. पण प्रत्येक वेळी भरताना आपण खूण पुसतो, हे विसरतो. म्हणून श्रोतेहो, आधी विचारा, गेलं कुठं? मग भरा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)