चुंबकीय तबकडीवरील दुबळे खंड
श्रोत्यांनीं भुशीचें धरण पाहिलें असेल. पावसाळ्यांत तेथें शेवाळलेली पायरी टाळून जाणता माणूस पुढचीवर पाऊल ठेवतो. संगणकाच्या चुंबकीय तबकडीची रीत हीच. तिच्यावरील मजकूर ५१२ किंवा ४,०९६ बाइटांच्या खंडांत, म्हणजे ‘सेक्टरां’त, असतो; प्रत्येकामागें शुद्धिसंकेत. कांहीं खंड जन्मतःच सदोष. त्यांची नोंद कारखान्यांतच होते. पुढें एखादा वाचतां येईना, तर यंत्र पुनःपुन्हां प्रयत्न करतें, मग त्यावर संशयाची खूण ठेवतें. त्यावर नवें लिहितांना तें टिकलें नाहीं, कीं राखीव खंड त्याची जागा घेतो. गेलेला मजकूर मात्र त्यामुळें परतत नाहीं! म्हणून असे खंड वाढूं लागतांच घरच्या छायाचित्रांची नक्कल प्रथम अन्यत्र काढावी, तपासणी मागाहून. आजारी तबकडीला तपासणीचे श्रम सोसतीलच असें नाहीं.