अंगणातली चूल, कागदावरचा हिशेब

मोठ्या शहरांतल्या बंगल्यांच्या जाहिरातींत हल्ली 'आउटडोअर किचन' नावाची एक चैन दिसते. हिरवळीच्या कडेला ग्रॅनाइटचा ओटा, कबाब भाजायची जाळीची शेगडी, बाजूला वेताच्या खुर्च्या. चित्र देखणं असतं, नाही म्हणवत नाही. पण आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सकाळच्या एसटीनं प्रवास करा आणि खिडकीतून बघत राहा. घरात गॅस असतो, तरी परसात चूल पेटलेली असते. आंघोळीचं पाणी, तुरीची डाळ, भाकरी, पाहुणे आले की मटणाचं पातेलं, सगळं बाहेर. फक्त तिला स्वयंपाकघर म्हणायचं आपण टाळलं. तीन दगड मांडले, वर जुना टिन टाकला, झालं काम. त्यामुळे तिच्यासाठी ना जागा ठरवली, ना पैसा बाजूला काढला.

मी कविता लिहिणारा माणूस, गवंडी नव्हे. पण मागल्या उन्हाळ्यात आमच्या परसात असं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं, तेव्हा वही-पेन घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. कविता करतो म्हणजे कागद याच्याच हाती द्यावा, असा घरच्यांचा हिशेब असावा. त्या वहीतलं थोडं आज सांगतो.

आधी हे का करायचं ते बघू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली. मैदानी भागात त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. एवढ्या जागेत पाच-सहा माणसं, ज्वारीचं पोतं, पेटी, खाट. वर मे महिन्यात पारा 43-44 वर. स्लॅबखाली शेगडी पेटवली की आत बसवत नाही. मग बाई बाहेर येते. उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि सिलिंडर घरोघरी पोचला हे खरं, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे मोजताना हात आखडतो आणि तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून येतात त्या फुकट. म्हणून चूल जात नाही. जाणार नसेल तर ती नीट तरी बांधावी, एवढंच माझं म्हणणं.

धुराचंही तसंच आहे. चूल बाहेर आणली की धुराचा प्रश्न सुटला, असं आपण धरून चालतो. घरातल्या बाकीच्यांचा थोडाफार सुटतो. फुंकणी हातात घेऊन जी वाकलेली असते, तिचा नाही. तिचं तोंड जाळापासून हातभरावरच असतं. आमच्या अम्मीची उमर चुलीपुढे गेली. तिचा खोकला आम्हाला घरातल्या घड्याळासारखा सवयीचा झाला होता, त्याची वेगळी दखल कुणी घेतली नाही. सरकारनं 1980च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता, 2002 साली तो बंद झाला. धुराड्याची ती चूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पुष्कळ ठिकाणी तिचं धुराडं तुंबलं, कुठे तडकलं, कुठे घरातलं भांडं तिच्या तोंडावर बसेना. चूल ज्यांच्यासाठी होती त्यांना आधी विचारायला हवं होतं.

म्हणून आमच्या कागदावरचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. इथे रोज कोण उभं राहणार, हा होता. आमच्याकडे मुलांची आई आणि सूनबाई. दोघींच्या उंचीत चार बोटांचा फरक. बाजारात तयार मापं मिळतात, पण सोपी रीत अशी: बाईनं सरळ उभं राहून कोपर वाकवावं, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजावं आणि त्यातून चारेक इंच वजा करावेत. ती चिरण्या-वाटण्याच्या ओट्याची उंची. पाच फुटांच्या बाईला ती 32-33 इंच येते. पण कणीक मळायला आणि भाकरी थापायला वरून जोर लागतो, तिथे ओटा आणखी तीनेक इंच खाली हवा. चुलीचं तर आणखी वेगळं. तिच्यावर पातेलं चढलं की उंची वाढते, आत डोकावून ढवळायचं असतं. म्हणून चुलीचा कट्टा गुडघ्याच्या जरा वर ठेवला. गवंडी म्हणाला, "भाऊ, एका लेव्हलमध्ये घ्या, दिसायला बरं दिसते." मुलांची आई म्हणाली, "दिसायला नाही, रांधायला पाहिजे." तिथे चर्चा संपली.

जागेसाठी वारा बघावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. चूल घराच्या पूर्व अंगाला असली तर धूर घरापासून दूर जातो. पश्चिमेला असली तर सरळ दारातून आत. ज्याला जागाच एका बाजूला आहे, त्यानं निदान चुलीच्या पश्चिमेला पाच फुटांची आडभिंत घालावी. आणि शेजाऱ्याची खिडकी कोणीकडे आहे तेही बघावं. धुरावरून झालेली भांडणं बांधावरून झालेल्या भांडणांइतकीच टिकाऊ असतात.

आता जमिनीखालचं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता ओटा बांधला की दोन वर्षांत तो मधून उकलतो. म्हणून काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर दोन-तीन फूट माती काढून तिथे मुरूम भरावा, पाणी मारून चांगला धुमसावा. हा खर्च कुणाला दिसत नाही, म्हणून तो पहिल्यांदा कापला जातो. माझ्या मते कापायचाच असेल तर फरशीचा कापावा.

आमचं माप 10 बाय 12 फूट. दीड फुटाचं जोतं, आठ फुटांचा ओटा, एक चूल तिच्या वैलासकट, वर टिन. जोत्याला, ओट्याला आणि चुलीला मिळून फूटतूट धरून हजार विटा. वीट 8 रुपये धरून 8 हजार. सिमेंट बारा पोती, 4,800. रेती आणि गिट्टी 6 हजार, मुरमाच्या तीन ट्रॉल्या 3 हजार. वरच्या छपराला लोखंडी पाइप, पाच पत्रे आणि वेल्डिंगची मजुरी मिळून 19,750. शहाबादी फरशी 5,400, ओट्याचा कडप्पा 1,760. मिस्त्री, एक गडी आणि एक बाई, सहा दिवसांचे 11,400. नळ, मोरी 3,500, वीज 2,500. बेरीज 66 हजार 110. हे आमच्या गल्लीतले भाव, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. वर दहा टक्के अडीअडचणीला ठेवले, ते कामी आलेच. मजुरीच्या ओळीत गड्याला सहाशे आणि बाईला चारशे लिहिताना पेन अडखळलं. पाट्या दोघांनी सारख्याच वाहायच्या होत्या. मग तिथे दोघांना पाचशे-पाचशे केले. बेरजेत फरक पडला नाही, गडी मात्र दोन दिवस नाराज होता.

66 हजार म्हणजे किती, हे आपल्या भागात सोयाबीनमध्ये मोजावं. 2024-25 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. त्या भावानं हे साडेतेरा क्विंटल झालं. एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर दोन-अडीच एकरांचं सगळं पीक, त्यातून बियाणं, फवारणी, काढणी काहीच न वजा करता. आणि त्या वर्षी बाजारात पुष्कळांना हमीभावाच्या बराच खाली माल द्यावा लागला. असा हिशेब मांडला की ग्रॅनाइटचा मोह आपोआप जातो. घरकुलाच्या अनुदानाशी तुलना केली तर ही रक्कम त्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणून आम्ही काम तीन हप्त्यांत केलं: आधी पाया, जोतं आणि छप्पर, मग चूल आणि ओटा, फरशी सर्वांत शेवटी. छपराशिवाय चूल पावसात जगत नाही, फरशीशिवाय जगते.

कापाकापीत ईदचा विषय निघालाच. भावाचं म्हणणं, मोठी देग बसेल असा चुलवणच बांधून टाकू. बिर्याणीला दम द्यायचा तर खाली मंद आच आणि झाकणावर निखारे, त्याला ऐसपैस जागा हवी, हे खरं. पण देग वर्षातून दोन-तीनदा चढते, पातेलं रोज. दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवसांची जागा अडवायची नाही, असं ठरलं. जोत्याबाहेर मोकळी जमीन ठेवली. देगेच्या दिवशी तिथे चर खणतो, विटा मांडतो. शेजारचे काका मार्गशीर्षात त्याच जागी गोवऱ्या रचून रोडगे भाजतात. रोडग्याला बांधकाम लागतच नाही.

चुलीबद्दल दोन गोष्टी मिस्त्रीला ठासून सांगाव्या लागतात. जाळाच्या आतल्या बाजूला सिमेंट वापरायचं नाही, ते उष्णतेनं तडकतं. तिथे विटा मातीच्या गाऱ्यात बसवायच्या, गाऱ्यात भुसा आणि शेण. आणि कडप्पा किंवा ग्रॅनाइट जाळाला चिकटून ठेवायचा नाही, मध्ये वीतभर अंतर. सिलिंडर बाहेर ठेवणार असाल तर चुलीपासून लांब, उभा, सावलीत. खड्ड्यात तर नाहीच, कारण हा वायू हवेपेक्षा जड, गळला की खोलगट जागी साचून राहतो. नळी पाच वर्षांनी बदलायची.

आमच्या घरी चुलीला चूल्हा म्हणतात, स्वयंपाकघराला कुणी बावर्चीखाना म्हणतं. पण वैलाला आमच्याकडे वैलच म्हणतात, दुसरा शब्द माझ्या कानावर कधी आला नाही. मूळ जाळाच्या उरलेल्या आचेवर एक भांडं फुकट शिजतं तो वैल. सगळ्या कागदात बिनखर्चाची ओळ ती एकच. मिस्त्री ती विसरतो, आठवण करून द्या.

जळणाचंही नियोजन लागतं. ओलं लाकूड म्हणजे निम्मा धूरच. जळण कोरडं राहावं म्हणून छपराच्या कडेला मांडव हवा, जाळापासून चार हात लांब. पऱ्हाट्यांची मात्र वर्षभराची गंजी शेताजवळ रचू नये. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, आणि 2017 साली तिनं विदर्भात काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक चुलीत घालू नये, मग ते कितीही फुकट असो.

ज्यांच्याकडे 66 हजार नाहीत, आणि बहुतेकांकडे नसतातच, त्यांच्यासाठी वहीच्या मागल्या पानावर दुसरा हिशेब आहे. आठ फुटी तीन पत्रे, 2,400. घरच्या बल्ल्या. मुरमाची एक ट्रॉली, हजार. शंभर विटा, आठशे. माती, शेण, भुसा घरचं, हात घरचे. साडेचार-पाच हजारांत वीतभर उंच कोरडी जागा, डोक्यावर छप्पर, गुडघाभर उंच चूल आणि पश्चिमेला आडोसा होतो. चुलीपुढे जिची कंबर मोडते आणि डोळे जळतात, तिच्या दृष्टीनं मोठ्या कामातला निम्म्याहून जास्त फायदा या पाच हजारांत आहे.

काम होळीनंतर काढावं. तेव्हा शेतात गडबड कमी असते. जोत्याला आठ-दहा दिवस पाणी मारायला मिळतं. मृगाच्या आधी छप्पर चढलं पाहिजे. नवी चूल आठवडाभर सावलीत वाळू द्यावी, मग रोज थोडा थोडा जाळ, आधी काटक्यांचा, मग तुराट्यांचा. पहिल्याच दिवशी बाभळीची ओंडकी घातली तर ती उकलते. भेगा दिसल्या तर मातीचा हात फिरवून बुजवायच्या. दुसऱ्या आठवड्यात तवा चढवायला हरकत नाही.