तळ्यांत सोडलेला ट्राउट

कॅलिफोर्नियांतील एखाद्या शहरालगतच्या तळ्यावर हिवाळ्यांतील शनिवारीं सकाळीं गेलें तर कांठावर माणसांची रांग दिसते. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधील कॉफी, आणि काठीच्या टोंकावर खिळलेल्या नजरा. मुलें असतात, आजोबा असतात, रात्रपाळी संपवून तसेच आलेले कामगारहि असतात. त्या आठवड्यांत सरकारी मोटारलॉरी येऊन गेली, ही बातमी सर्वांना ठाऊक असते. लॉरीवरील टांकींत गार पाणी, त्यांत सतत सोडलेला प्राणवायु, आणि वीतभर किंवा किंचित् अधिक लांबीचे शेंकडों ट्राउट. मंडळी ज्याची वाट पाहत असतात तो मासा त्या तळ्याचा रहिवासी नसून पाहुणा असतो, आणि तोहि थोड्या दिवसांचा.

ट्राउट हा थंड पाण्याचा जीव आहे. सुमारें १० ते १६ अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या, प्राणवायूनें भरलेल्या पाण्यांत तो सुखानें राहतो. पाणी २५ अंशांकडे झुकूं लागलें म्हणजे त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून सखल प्रदेशांतील तळ्यांत तो थंडीच्या दिवसांतच सोडतात, आणि गळाला न लागलेले बहुतेक मासे पुढचा उन्हाळा काढीत नाहींत. सर्वांत अधिक सोडला जातो तो रेनबो ट्राउट, कुशीवर गुलाबी पट्टा असलेला. मासे उबविण्याच्या केंद्रांत मादीच्या पोटावर हलकेंच दाब देऊन अंडीं काढतात, त्यांवर नराचें वीर्य मिसळतात, आणि वाहत्या गार पाण्यांतील तबकांत तीं ठेवतात. दहा अंशांच्या पाण्यांत महिन्याभरांत पिल्लें बाहेर येतात. रानच्या माशांशीं त्यांचा संकर होऊं नये म्हणून हल्लीं अंड्यांना फलनानंतर लगेच उष्णता किंवा दाब देऊन वांझ मासे तयार करण्याची पद्धति रूढ झाली आहे.

असा मासा धरण्याची कलाहि त्याच्या बालपणावर आधारलेली आहे. तो वाढला तो सिमेंटच्या हौदांत, वरून पडणारे खाद्याचे दाणे टिपीत. म्हणून अनुभवी मनुष्य पिठाचा सुवासिक, पाण्यावर तरंगणारा गोळा गळाला लावतो. शिशाचें वजन तळाशीं बसतें आणि गोळा त्याच्या वर हात-दोन हात उचललेला राहतो, शेवाळांत लपत नाहीं. नवा सोडलेला मासा पहिले कांहीं दिवस कळप करून कांठाकांठानें फिरतो. मग तो खोल पाण्याकडे वळतो आणि नवशिक्यांच्या टोपल्या रिकाम्या राहूं लागतात. कॅलिफोर्नियांतील बहुतेक तळ्यांवर दर माणसीं दिवसाला पांच माशांची मर्यादा असते, आणि सोळा वर्षांवरील प्रत्येकाला परवाना काढावा लागतो. यांत मृगयेचा पुरुषार्थ थोडा आणि सहलीचा आनंद फार, असें कोणी म्हटलें तर तें खोटें नव्हे. परंतु उंच इमारतींत वाढणाऱ्या मुलाच्या हातांत जिवंत, तडफडणारा मासा प्रथमच येतो तो अशाच तळ्यावर, आणि त्या क्षणाला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं.

वाद पेटला तो उंचावरील तळ्यांविषयीं. सिएरा नेवाडा पर्वतांत हिमनद्यांनीं कोरलेलीं हजारों लहानमोठीं तळीं आहेत. हिमनद्या वितळल्यावर त्यांत पाणी भरलें, पण मासे वर चढूं शकले नाहींत. वाटेंत धबधबे होते. सहा हजार फुटांवरील जवळजवळ सर्व तळीं निसर्गतः मत्स्यहीन होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खाणवाले, मेंढपाळ आणि हौशी शिकारी यांना ही रिकामी जागा पाहवेना. खेंचरांच्या पाठीवर दुधाच्या डब्यांतून मासे वर जाऊं लागले. कर्न नदीच्या उगमाकडील सोनेरी ट्राउट १८७६ मध्यें कॉटनवुड ओढ्यांत नेला गेला. तो कॉफीच्या किटलींतून नेला, अशी कथा अद्याप सांगतात. हाच मासा १९४७ मध्यें कॅलिफोर्नियाचा राज्यमत्स्य ठरला. पुढें हें काम सरकारनें अंगावर घेतलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खेंचराची जागा विमानानें घेतली. इंचभर लांबीचीं पिल्लें पाण्याच्या धारेबरोबर आकाशांतून तळ्यांत पडत; वजन अत्यल्प असल्यामुळें बहुतेक जिवंत राहत.

ही हौस त्या काळीं जगभर होती. काश्मीरमध्यें १८९९ मध्यें पाठविलेलीं ट्राउटचीं अंडीं वाटेंतच नासलीं, आणि १९०० मध्यें स्कॉटलंडहून आलेलीं जगलीं; तो वंश आज लिडर व सिंध या नद्यांत आणि गंगाबलसारख्या उंच सरोवरांत नांदतो. निलगिरींत फ्रान्सिस डे यांनीं १८६३ मध्यें केलेला पहिला प्रयत्न फसला होता. तेथें रेनबो ट्राउट स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. परक्या पाण्यांत मायदेशचा मासा सोडणें हें त्या काळीं सत्कृत्य समजलें जाई. ज्या पाण्यांत सोडावयाचा त्यांत आधींच कोण राहतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे.

सिएराच्या तळ्यांत राहत होता एक बेडूक. पोट आणि पायांची खालची बाजू पिवळी असल्यामुळें त्याला पिवळ्या पायांचा बेडूक म्हणतात. जोझेफ ग्रिनेल व ट्रेसी स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९१५ च्या सुमारास योसेमिटी प्रदेशाची पाहणी केली तेव्हां उंच भागांतील सर्वांत विपुल बेडूक तोच होता. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत एक नोंद आहे: जेथें ट्राउट सोडले तेथें हे बेडूक टिकत नाहींत. नोंद छापली गेली, आणि मासे सोडणें चालूच राहिलें.

कारण अगदीं साधें आहे. खालच्या प्रदेशांतील बेडकाचें शेपटीवालें पिल्लू एका ऋतूंत मोठें होतें; या थंड पाण्यांत त्याला दोन ते चार वर्षें लागतात. तेवढे हिवाळे काढावयाचे तर तळापर्यंत न गोठणारें खोल तळेंच हवें. ट्राउटलाहि नेमकें तेंच हवें असतें. उथळ डबक्यांत मासा नसतो, पण तेथें हिवाळ्यांत पिल्लू गोठून मरतें आणि उन्हाळ्यांत वाळून मरतें. खोल तळ्यांत तें ट्राउटच्या तोंडीं जातें. पाण्यांतील किड्यांचेंहि तसेंच होतें. एक दिवसाच्या आयुष्यासाठीं पंख फुटून बाहेर येणारे मेफ्लाय नांवाचे किडे ट्राउट बाल्यावस्थेंतच संपवितो, आणि त्यांवर जगणारे फिंच पक्षी ट्राउट असलेल्या तळ्यांवर कमी दिसतात, असें २०१० मध्यें संशोधकांनीं दाखवून दिलें.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानानें १९९१ मध्यें मासे सोडणें थांबविलें. परंतु पुष्कळ तळ्यांत सोडलेल्या माशांची आतां स्वतःची प्रजा झाली होती. लॉरी किंवा विमान बंद करून ती संपणारी नव्हती. मग किंग्ज कॅन्यन उद्यानांतील पांच तळ्यांतून व्हान्स व्ह्रेडनबर्ग या संशोधकानें जाळीं लावून ट्राउट काढून टाकले. आसपास उरलेले थोडे बेडूक तेथें आले आणि दोन-तीन वर्षांत कांठ पुन्हां बेडकांनीं भरून गेले. हे निष्कर्ष २००४ मध्यें प्रसिद्ध झाले.

गळ टाकणाऱ्या मंडळींना हें रुचलें नाहीं, आणि त्यांची बाजूहि ऐकण्यासारखी आहे. वडिलांनीं ज्या तळ्यावर प्रथम काठी हातांत दिली तेथें सरकारनें जाळीं लावून मासे मारावे, हें पाहणें सोपें नाहीं. डोंगराच्या पायथ्याच्या गांवांतील दुकानें, खाणावळी आणि खेंचरवाले या पाहुण्यांवर जगतात. शिवाय बेडकांच्या नाशाला मासा एकटा जबाबदार नव्हता. कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीनें मत्स्यहीन तळ्यांतलेहि बेडूक हजारोंनीं मेले. मात्र माशांनीं आधींच विरळ केलेली प्रजा अशा सांथीनंतर सांवरणें कठीण, हेंहि तितकेंच खरें. पूर्वींच्या ठिकाणांपैकीं ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणीं हा बेडूक दिसेनासा झाला. प्रकरण न्यायालयांत गेलें. २००८ मध्यें देशी प्राण्यांना धोका असलेल्या पुष्कळ ठिकाणीं मासे सोडणें तहकूब झालें. २०१४ मध्यें सिएरा नेवाडाचा हा बेडूक संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत गेला.

हल्लीं दोन्हीं कामें शेजारींशेजारीं चालतात. खालच्या तळ्यांवर आणि रस्त्यालगतच्या जलाशयांवर लॉरी येते, खुर्च्या मांडल्या जातात. वर निवडक तळ्यांत जाळीं लागतात, कांहीं तर हिवाळ्यांत बर्फाखालींहि राहतात. २०१६ मध्यें रोलंड नॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं योसेमिटींतील वीस वर्षांच्या मोजणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: बेडकांची संख्या सुमारें सातपट झाली होती. बुरशीची सांथ सोसून तगलेल्या तळ्यांतले बेडूक २००६ पासून रिकाम्या झालेल्या तळ्यांत नेऊन सोडण्यांत येत आहेत. बारा तळ्यांवरील या प्रयोगाचा वृत्तान्त २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं अनेक ठिकाणीं सोडलेल्या बेडकांना तेथेंच पिल्लें झालीं आहेत.