पऱ्हाटीची चित्रं, क्रमाने



आधी काय, मग काय, शेवटी काय, हे बालवाडीतल्या मुलांना शिकवायला बाजारात छापील चित्रकार्डं मिळतात. एखाद्या संचात बर्फाचा माणूस उन्हात वितळत जातो. यवतमाळला लागून असलेल्या आपल्या लोहाऱ्यातल्या पोराने बर्फ पाहिलाय तो रसवंतीवर! त्याच्या ओळखीची आहे पऱ्हाटी. मग कार्डं तिचीच करू.

जुन्या लग्नपत्रिकांचे सारख्या मापाचे सात तुकडे कापा. चित्रं काढा: सरकी टोबणारी बाई, दोन पानांचा कोंब, पाती, फूल, पुन्हा फूल, हिरवं बोंड, फुटलेलं बोंड. फूल दोनदा का? तर ते उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मुलांचा खरा वाद इथेच रंगतो, आणि रंगू द्यावा. चित्र सुबक नसलं तरी चालेल, पण पाती आणि बोंड वेगळं दिसलंच पाहिजे.

पुढच्या बाजूला आकडे घालू नका. मुलं चित्र सोडून आकडेच लावतात. कार्डं क्रमाने ओळीत पालथी मांडा आणि सगळ्यांच्या पाठीवरून एक तिरपी रेघ ओढा. मुलाने क्रम लावला, प्रत्येक कार्ड जागच्या जागी पालथं केलं, की रेघ सलग आली का ते त्याचं त्यालाच दिसतं. सुरुवात तीनच कार्डांनी करा: सरकी, फूल, फुटलेलं बोंड. तेव्हा रेघ सलग येणार नाही; ती तपासणी सातही कार्डं लावल्यावरच. चुकलं तर लगेच सांगू नका. ‘हे आधी का ठेवलंस?’ एवढंच विचारा.

एक सावधगिरी मात्र हवीच. पाकिटातल्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं; ते मुलांच्या हाती नको. फवारलेल्या हिरव्या फांद्याही वर्गात नकोत. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत. सरकी दाखवायची तर वेचलेल्या कापसातून हाताने काढलेली दाखवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच शिक्षणाचं साहित्य केलं. आपल्याकडे शिंपले नसतील, कापूस तर आहे.

आणि एखाद्या पोराने शेवटच्या बोंडापुढे पुन्हा सरकीचं कार्ड लावायला घेतलं, तर त्याला थांबवू नका. त्याचं बरोबर आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या वेचणीत चार फुटलेली बोंडं बाजूला काढा आणि गावच्या अंगणवाडीत ताईंकडे नेऊन द्या.