पुन्हा गर्भपाताची वेळ का येते?
(गोराई येथे आरोग्यसेविका व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



गोराईहून बोरिवलीस जायचे म्हणजे होडीने खाडी ओलांडावी लागते, नाही तर भाईंदरचा वळसा. गर्भपातासाठी हा प्रवास दुसऱ्या-तिसऱ्यांदा करणाऱ्या स्त्रीला आपण चटकन निष्काळजी ठरवतो. तो निवाडा मला मान्य नाही.

शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींतून १९७१ चा गर्भपातविषयक कायदा झाला. साधने निकामी ठरू शकतात, हे त्या कायद्यानेच गृहीत धरले. २०२१ च्या दुरुस्तीने ही तरतूद अविवाहित स्त्रियांनाही लागू केली. मग दोष एकट्या स्त्रीचा कसा?

खरी उणीव पहिल्या गर्भपाताच्या दिवशीच राहून जाते. पुढची पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः दोन-तीन आठवड्यांत, क्वचित त्याही आधी, पुन्हा गर्भधारणा संभवते. गुंतागुंत नसल्यास गर्भाशय रिकामे झाल्यावर लगेच तांबी बसविता येते आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात. मात्र हे सांगणारे कोणी भेटले नाही, तर ती रिकाम्या हाताने होडीत बसते.

दुसरे कारण घरात असते. नवरा निरोध वापरू देत नाही, मारहाण करतो, किंवा मुलगाच हवा म्हणून हट्ट धरतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. हट्ट मात्र कायद्याने सुटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली, पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली! शंभर वर्षांनंतरही भार एकीच्याच खांद्यावर. शिवाय नसबंदी हा कायमचा उपाय. दोन मुलांत अंतर हवे असलेल्या तरुण स्त्रीला तो उपयोगाचा नाही.

अधिकाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. “तांबी बसवशील तरच गर्भपात करू,” अशी अट घालणे गैर आहे. अशा अटीला भिऊन स्त्रिया अप्रशिक्षित माणसाकडे वळतात. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त राखणे कायद्याने बंधनकारक आहे. लहान वस्तीत, जेथे होडीवर प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो, तेथे याला फार महत्त्व आहे.

आरोग्यसेविकांनी गोळ्या व निरोध खाडीच्या अलीकडेच शिल्लक ठेवावेत, आणि गर्भपातानंतर आठवड्याभरात त्या स्त्रीची एकांतात विचारपूस करावी. सासू शेजारी बसली असेल, तर पुन्हा जावे.