बाग कोणाच्या जमिनीवर?

(भंडाऱ्यातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, 'वस्तीतली सामुदायिक परसबाग टिकेल कशी?' गांडूळखत सांगणारे पुष्कळ आहेत. मी सातबाऱ्याचं सांगतो.

भंडारा शहरात आमच्या वस्तीमागं उकिरडा होता. अकरा घरांनी तो उपसला. काचा वेचल्या, शेण टाकलं, हातपंपाच्या सांडपाण्यावर वांगी, चवळी, अंबाडी, वाल लावले. दोन वर्षं भाजी विकत आणली नाही. तिसऱ्या वर्षी टेप घेऊन माणसं आली. अतिक्रमण म्हणे! वांगी उपटली आणि तिथं काय केलं? बागच केली. शोभेची! तारेचं कुंपण, साहेबलोकांना फिरायला वाट. माझी माय कुंपणाबाहेर उभी राहून म्हणाली, "उकिरडा होता तवा मोजाले कोणी नाई आलं."

ती बाग खताविना मेली नाही. कागदाविना मेली.

वैनगंगेच्या पात्रातही हेच. पाणी ओसरलं की ढिवर बांधव वाळूत डांगरवाड्या लावायचे. १९८८ साली गोसेखुर्दची पायाभरणी झाली, पुढं धरणाचं पाणी चढलं. बुडालेल्या वाळूचा हक्क कोणत्या कागदावर दाखवायचा?

उलट क्यूबात बघा. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, धान्य-तेलाची आवक तुटली. हवानातल्या लोकांनी पडीक जागांवर भाजी पिकवली. सरकारनं त्या जागा कसायला दिल्या, म्हणून बागा तगल्या.

दादासाहेब गायकवाडांनी हे कधीच ओळखलं होतं. ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह पेटला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागण्यांतली एक मोठी मागणी : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तो कागद आभाळातून नाही पडला. पण तो शेतीचा. शहरातल्या उकिरड्यावर पिकणाऱ्या वांग्याचं काय?

म्हणून पोरांनो, बी पेरण्याआधी अर्ज पेरा. जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी नकाशावर बघा. भाडेपट्टा मागा, राबणाऱ्या बायांच्या नावानं, पाण्याच्या नळासकट. अर्जाची पोच जपून ठेवा. नाही दिला तर कुदळी घेऊन मोर्चा काढू.

आम्हाला बागेत फिरायचं नाही. बागेतलं खायचं आहे.

जयभीम!